उलट्या नळीतली गोळी

शस्त्रांच्या दुकानाचे मालक विश्वंभरराव यांनी माझ्या थोरल्या भावाला फसवलं. आमच्या घरची ठासणीची बंदूक निवडणुकीपुरती त्यांच्या दुकानात जमा होती. त्यांनी तिची जुनी नळी काढून घेतली, लाकडी दस्त्यावर दुसरीच नळी चढवली आणि हीच तुमची बंदूक म्हणून दादाच्या हातात दिली. ती नळी फुटली. दादाच्या उजव्या हाताची बोटं गेली, डावा डोळा गेला. मग ह्याच विश्वंभररावांनी दवाखान्यात चारचौघांसमोर सांगितलं, की किशनरावांनी, म्हणजे माझ्या दादानं, बारूद जास्त भरली. दादा गेल्या दिवाळीच्या आधी वारला. जाताना त्यालाही तेच खरं वाटत होतं.

हे आधी लिहून टाकलं. मी कडब्याचा व्यापारी आहे. माल आधी उजेडात टाकायचा आणि मग बोलायचं, अशी माझी रीत आहे. गंजीच्या वरची पेंढी कुणीही छान लावून ठेवतो. मी हात खुपसून मधली पेंढी उपसतो, वास घेतो, ज्वारीचं ताट मोडून बघतो, आणि मगच भाव काढतो. यावरून लोकांशी माझी भांडणं झाली आहेत. एकदा एका माणसाच्या अंगणात मी चहाची कपबशी भिंतीवर फोडली होती. पण आतून काळा पडलेला कडबा माझ्या गळ्यात आजवर कुणी मारला नाही. दादाच्या गळ्यात मात्र अख्खी नळी मारली.

यंदा ज्वारी पुन्हा कणसात आली आहे. पालमहून गावाकडे जाणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसतो आणि दोन्ही बाजूंनी ती माझ्याकडे बघत असते. सकाळी दव असतं. पानांवरून ते निथळतं आणि सगळं रान ओल्या कापडासारखा वास सोडतं. आता रानडुकरांसाठी लोकांनी नाना उपाय केले आहेत. बांधाबांधाने जुन्या साड्या ताणल्या आहेत. लाल, पिवळ्या, कुणाच्या लग्नातल्या असतील. कुठे लुकलुकणारे दिवे लावले आहेत. एका शेतात भोंगा आहे आणि त्यातून कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं. खरं कुत्रं त्याच भोंग्याच्या सावलीत झोपलेलं मी पाहिलं आहे.

आमच्या रानातलं दादाचं मचाण आता तीन खांबांवर तिरकं उभं आहे. चौथा खांब वाळवीनं खाल्ला. त्याला आधार द्यायचा की पाडायचं, हे मला ठरवता येत नाही. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, "ऱ्हाऊ द्या भावजी, पाखरं बसायलेत त्याच्यावर."

ती बंदूक आजोबांची होती, निजामाच्या काळातली. नळी मुळाशी जाड, आठ पैलूंची, पुढे गोल होत गेलेली. हातात घेतली की पुढचा हात आपोआप खाली जायचा, एवढी जड. पिकाच्या राखणीसाठी तिचा परवाना होता, आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून दादाकडे आलेला. मला जमीन नको होती आणि बंदूकही नको होती. मी तरुणपणीच बाजारात पडलो होतो. पण ज्वारी कणसात आली की मी काहीतरी निमित्त काढून गावी यायचो, कारण तेव्हा दादा गोळ्या पाडायचा.

गोळ्या पाडायच्या म्हणजे चुलीवर शिसं वितळवायचं. त्याला लागायची वहिनीची लोखंडी पळी.

"माझी फोडणीची पळी हाय ती," वहिनी म्हणायची.

"मंग काय झालं? शिसंबी फोडणीवानीच तडतडायलंय."

"तुमच्या डुकरांनाच वाढा आता त्या पळीनं. माझ्या वरणात न्हाई ती पुना जायची."

असं दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी दादा तिला नवी पळी आणून द्यायचा. जुन्या पळ्यांची एक रांगच भिंतीला टांगलेली होती. वितळलेलं शिसं आरशासारखं चमकायचं आणि वर लगेच राखाडी साय धरायची. ती बाजूला सारून दादा साच्यात धार सोडायचा. साचा सांडशीसारखा दोन पाकळ्यांचा होता. उघडला की आतून बोरापेक्षा जरा मोठी, गोल, गरम गोळी बाहेर पडायची, तिला एक शेपूट असायचं. ते शेपूट दादा वडिलांच्या अडकित्त्यानं कातरायचा. मग गोळी तळहातावर फिरवून बघायचा, एखाद्या सोनारासारखा. जिला खड्डा पडला असेल ती परत पळीत.

"खड्डा पडला तर काय बिघडतं?" मी एकदा विचारलं. "डुकराला काय कळायलंय?"

"वाऱ्याला कळतं ना," दादा म्हणाला.

बंदुकीतून निघालेली गोळी खऱ्या अर्थानं डुकरासाठी नसायचीच. दादानं जनावर मारलेलं मला आठवत नाही. तो बार काढायचा तो आवाजासाठी. पण नुसती बारूद भरून बार काढला तर फुसका आवाज येतो. बारुदीपुढे अडवणारं काहीतरी लागतं, तेव्हा तिला जोर चढतो आणि तिचा आवाज ओढ्यापलीकडे जातो. म्हणून तो गोळी ठासायचा आणि मचाणावरून खाली, आमच्याच बांधाच्या काळ्या मातीत मारायचा. तिथे कुणी नाही हे आधी हाक मारून बघायचा. "मारायला न्हाई," तो म्हणायचा, "फकस्त सांगायला. बाबांनो, इथं मानूस हाय."

ठासायची त्याची पद्धत ठरलेली होती. पितळेचं एक छोटं माप होतं, त्यात बारूद घ्यायची आणि वरून बोट फिरवून सपाट करायची. ती नळीत ओतायची. मग जुन्या धोतराच्या मऊ चिंधीचा तुकडा नळीच्या तोंडावर, त्यावर गोळी, आणि अंगठ्यानं दाब. गोळी चिंधीसकट आत जायची ती कुरकुरत जायची. पुढे गजानं रेटायची. दादा डावखुरा होता, त्यामुळे त्याचा गज नळीच्या तोंडाला नेहमी एकाच बाजूनं घासायचा. तिथे नखाएवढी खाच झिजून पडली होती. गजावर त्यानं चाकूनं एक खूण केली होती. गोळी पार बारुदीला टेकली की ती खूण बरोबर नळीच्या ओठाशी यायची. खूण ओठाशी आली नाही तर तो घोड्याखाली बार पेटवणारी टोपी चढवायचाच नाही.

"गोळी बारुदीला चिकटून पायजे," हे त्यानं मला किती वेळा सांगितलं असेल. मधे पोकळी राहिली तर बारूद पेटल्यावर मोकळ्या जागेतून दौडत येते आणि वाटेत बसलेल्या गोळीवर आदळते. गोळी हलायच्या आधी तिथली नळी फाटते. आम्ही शाळेत फार शिकलो नाही, पण हे आमच्या घरात चूल पेटवण्याइतकं सगळ्यांना माहीत होतं.

ठासून झाली की तो बंदूक काखेत धरायचा, नळीचं तोंड जमिनीकडे करून. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे आणि सांजेला इतकं दव पडतं, की नळी आभाळाकडे धरली तर आत ओल उतरते आणि बारूद दमट होते. म्हणून तोंड खाली. आजोबा तसंच धरायचे, वडील तसंच धरायचे. त्या जुन्या नळीत गोळी चिंधीत अशी गच्च बसायची, की बंदूक दिवसभर उलटी टांगली तरी ती जागची हलली नसती. हे वाचणाऱ्यानं नीट लक्षात ठेवावं. माझ्या सगळ्या तक्रारीचा जीव ह्यातच आहे.

हंगामाच्या सुरुवातीला दादा एक बार बाभळीच्या वाळल्या खोडावर टाकायचा, बंदूक कशी चालते ते बघायला. मी त्या खोडापासून बाजूला, ओढ्याच्या उंच काठाआड बसायचो आणि कान लावायचो. आमचा तो खेळच होता. आधी काय ऐकू येतं, बंदुकीचा आवाज की गोळी लागल्याचा? जुन्या नळीची गोळी आवाजाच्या बरोबरीनं यायची. धाड आणि ठप् हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले असायचे, वेगळे करता यायचे नाहीत. मग मी खोडाकडे पळायचो. लाकडात शिरलेली गोळी दादा सुरीनं कोरून काढायचा. ती चपटी झालेली असायची, जुन्या पैशासारखी, आणि थोडा वेळ गरमही लागायची.

गोल गोळीचं एक असतं. नळीतून निघताना ती लय जोरात असते, पण तिचा जोर फार लांब टिकत नाही. वारा तिला पुढून सगळ्या अंगानं अडवतो. रायफलीची टोकदार गोळी वारा कापत जाते. आमची त्याच्यावर छाती काढून जाते आणि दमते. थोडं अंतर ठीक, त्यापुढे ती खाली पडायला लागते. मी एकदा म्हटलं होतं, "मंग बारूद दुप्पट टाक की. दुप्पट पळंल."

दादा हसला. "दुप्पट न्हाई पळत. जरा जास्ती पळती, आन् उरलेली बारूद बाहेर येऊन जळती. धूर होतो, खांदा सुजतो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बापू, तुजं बोलणं दुप्पट बारुदीचं हाय. धूर लय. गोळी हाय तिथंच."

मी चिडलो होतो तेव्हा. आता बाजारात आवाज चढला की मला तो पांढरा, सडक्या अंड्यासारख्या वासाचा धूर आठवतो आणि मी क्षणभर गप्प बसतो. फार वेळ नाही.

ह्या माणसानं बारूद जास्त भरली, असं विश्वंभरराव म्हणाले.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात. त्या वर्षी दादानं ती दुकानात ठेवली. माणूस ओळखीचा होता, टोप्या आणि बारूद त्यांच्याकडूनच यायची. परत आणायला गेला तोही एकटाच गेला. मला नेलं असतं तर मी तिथेच गज घालून बघितलं असतं, नळीच्या तोंडाला बोट लावलं असतं. पण दादाला माझ्याबरोबर दुकानात जायची लाज वाटायची. "तू भांडतोस," म्हणायचा. "मानसाचा इस्वास नावाची काय चीज हाय का न्हाई?"

ती बंदूक घेऊन तो आला ते मला आठवतं. पोत्याच्या कापडात गुंडाळलेली होती. अंगणात बसून त्यानं ती सोडली, हातात तोलली आणि म्हणाला, "हलकी वाटायलीय का रं?"

मी घेतली. मला काही कळलं नाही; मी ती वर्षातून एकदा हातात घेणारा माणूस. नळी मुळाशी तशीच आठ पैलूंची होती आणि तिच्यावर परवान्याचा नंबर होता. नंबर ठोकायची हत्यारं दुकानवाल्यांकडे असतात, हे तेव्हा कुणाच्या मनात येणार?

पहिल्यांदा ठासली तेव्हा गोळी कुरकुरली नाही. चिंधीसकट सरळ आत गेली आणि खाली टण् वाजलं. दादानं नळीच्या तोंडाभोवती बोट फिरवलं; खाच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो परभणीला दुकानात गेला. संध्याकाळी आला तो हसत आला. विश्वंभरराव म्हणाले होते, "किशनराव, तुमची नळी आतून गंजली होती. मी मुद्दाम घासून साफ करून दिली. म्हणून जरा सैल झाली. तोंडालाही खाच पडली होती, तीही काढली. चिंधी जाड घ्या, म्हणजे झालं."

दादाला ते पटलं. इतकंच नाही, त्याला उपकार वाटले. पुढच्या आठवड्यात त्यानं कोवळा हुरडा भाजला, त्याबरोबर शेंगदाण्याची चटणी वहिनीकडून कुटून घेतली आणि डबा घेऊन एसटीनं विश्वंभररावांना देऊन आला. सगळ्यात जास्त मला हा डबा छळतो. बाकी सगळं मी कदाचित कधीतरी गिळेन. पण तो गरम डबा मांडीवर धरून, उभ्या गर्दीतून, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी झाकण दाबून माझा भाऊ त्या माणसाकडे गेला, हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

त्या हंगामात बाभळीच्या खोडावर बार टाकला तेव्हा मी काठाआड होतो. आधी धाड झालं. मग थोडी रिकामी जागा. मग ठप्. पहिल्यांदाच मला दोन आवाज वेगळे ऐकू आले. माप तेच, बारूद त्याच डब्यातली, पण गोळी आवाजाच्या मागे पडली होती. तिच्या कडेनं बारुदीचा जोर निसटून जात होता. खोडात ती अर्धीच शिरली होती. काढली तर एका बाजूला नुसती दबलेली, बाकी गोलच्या गोल. मी ती खिशात टाकली. त्याआधीच्या वर्षीची चपटी गोळीही माझ्याकडे होती. दोन्ही आजही माझ्याकडे आहेत.

"दमलीय नळी," दादा म्हणाला. "आपल्यावानीच."

आणि त्यानं गोधडीचं जाड कापड चिंधीला घेतलं.

ज्या सांजेला ती फुटली तेव्हा सूर्य नुकताच टेकला होता. कणसं तांबूस झाली होती आणि ओढ्याकडून पहिला गारवा यायला लागला होता. मी अंगणात कडब्याच्या गाडीवाल्याशी वाद घालत होतो. रानातून आवाज आला, पण तो आमच्या बंदुकीचा नव्हता. पत्रा फाटल्यासारखा, कोरडा. वहिनी चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "हा आवाज आपला न्हाई."

दादा मचाणावरून कसाबसा उतरून खाली बसलेला होता. मचाणावर चढेपर्यंत बंदूक नेहमीसारखी त्याच्या काखेत, तोंड खाली करून होती. वर जाऊन त्यानं ती बांधाकडे, खालीच रोखली होती. ठासताना त्यानं खूण बघितली होती, ओठाशी आली होती, हे तो शुद्धीवर असताना तीनतीनदा सांगत होता. खूण बरोबरच होती. पण सैल नळीत, जाड चिंधी असूनही, चालताना बसणाऱ्या हादऱ्यानं गोळी बारूद सोडून पुढे घरंगळली होती. ज्या धरण्यानं आमच्या घरात तीन पिढ्या बारूद कोरडी राहिली, त्याच धरण्यानं तो फसला. नळी मुळाशी फुटली नव्हती. ती मधे फाटली होती, जिथे गोळी येऊन थांबली असणार तिथे, आणि तिथेच त्याचा उजवा हात होता.

दवाखान्यात विश्वंभरराव भेटायला आले. हातात द्राक्षं होती. खाटेभोवती गावातली माणसं होती. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "किशनराव, वय झालं की हात सैल होतो. बारूद जास्त पडली तुमची. होतं असं."

मी म्हणालो, "बारूद जास्त असती तर नळी मुळाशी फुटली असती. ही मधी फुटलीय. तुमी नळी बदलली."

"बापू," गावातला एकजण म्हणाला, "इथं तरी भांडू नको."

तेव्हा माझ्याजवळ पुरावा नव्हता, नुसता राग होता, आणि माझ्या रागाची बाजारात फार किंमत नाही. तो सगळ्यांनी खूप वेळा बघितला आहे. विश्वंभरराव शांत बोलले म्हणून त्यांचं खरं ठरलं. गावात पोहोचेपर्यंत ते वाक्य पक्कं झालं होतं: किशनरावानं बारूद जास्त भरली. जो तो ते दादाविषयी बोलताना सहज टाकायचा, जसं एखाद्याच्या गावाचं नाव सांगावं.

नंतरची वर्षं त्यानं ओट्यावर काढली. ज्वारी कणसात आली, की वहिनी त्याच्या बाजेची जागा बदलायची, रान दिसू नये म्हणून. त्याला ते कळायचं. मी गेलो की तो कडब्याचं विचारायचा, भाव विचारायचा, बंदुकीचं कधी नाही. पण वहिनीनं मला सांगितलं. दुपारी कुणी नसलं की तो फळीवरचं पितळेचं माप मागायचा. डाव्या हातानं त्यात राळे, ते मोहरीएवढं धान्य, भरायचा, बोट फिरवून सपाट करायचा आणि तिच्यापुढे धरायचा.

"बघ गं. जास्त हाय का हे?"

"न्हाई ओ. बराबर हाय."

"नीट बघ. तुला दोन डोळे हायत."

ती बघायची. तो ते सुपात ओतायचा आणि पुन्हा भरायचा. शेवटच्या वर्षात त्यानं विचारणं बंद केलं. तोच म्हणायचा, "झालं आसंल त्या दिशी जास्त. मलाच कळलं नसंल." वहिनी हे सांगताना रडली नाही. सुपातले सांडलेले राळे एकेक करून उचलत होती.

दादा गेला. त्याच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्यांपैकी एक मी खिशात ठेवायला लागलो. काही कारण नाही. सौदा करताना हात खिशात गेला की तिचा गारपणा लागतो.

ह्या संक्रांतीनंतर मी झरीकडे कडबा बघायला गेलो होतो. परतताना रस्त्याकडेच्या एका नव्या हॉटेलात जेवायला थांबलो. गावरान जेवणाचं हॉटेल. भिंतीवर बैलगाडीचं चाक, जातं, कंदील, असं सगळं टांगलेलं. आपल्या घरातून फेकून दिलेलं आपल्यालाच बघायला लावतात आणि पिठल्याचा भाव वाढवतात. त्या कंदिलाशेजारी एक बंदूक होती. दस्ता नवा, पॉलिश केलेला. नळी मात्र मुळाशी आठ पैलूंची होती.

माझा घास हातातच राहिला. मी उठलो आणि मालकाला म्हणालो, "ती बंदूक खाली काढ."

मालक तरुण होता, हसतमुख. "काका, शोभेची हाय. बंद केलेली. कान्यात, बारूद पेटायच्या भोकात, वेल्डिंग मारलंय."

"आसू दे. काढ."

"काका, जेवण थंड व्हायलंय तुमचं."

"अजून चार ताटं सांगतो. नको आसतील तर कुत्र्याला घाल. पण ती खाली काढ."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि स्टूल आणलं. नळी हातात आली तेव्हा पुढचा हात आपोआप खाली गेला. तोंडाला बोट लावलं. नखाएवढी खाच, एकाच बाजूला, डावखुऱ्या गजाची. ती कुणी काढलेली नव्हती. वरच्या पैलूवर एक पट्टा घासून गुळगुळीत केला होता, नंबर होता तिथे. मी रुमालाचा कोपरा दातानं फाडला, तोंडावर ठेवला, त्यावर खिशातली गोळी. ती आपसूक आत गेली नाही. अंगठा दाबला. ती कुरकुरली. त्या आवाजासाठी मी किती वर्षं कान लावून बसलो होतो, हे मला तेव्हा कळलं. मालकाच्या हातातलं पोळी भाजायचं लांब उलथनं घेऊन त्याच्या दांड्यानं मी ती आत रेटली.

मग मी नळी उलटी केली. हलवली. टेबलावर तोंड आपटलं.

गोळी पडली नाही.

"काका, काय झालं?" मालक विचारत होता. "काका, बसा. पानी आना रे."

"कुणी दिली तुला ही?"

"मामांनी. उद्घाटनाला भेट दिली. विश्वंभरराव, त्यांचं दुकान हाय ना परभणीला. लय दिवसांपासून त्यांच्या घरी व्हती ही, त्यांना जुन्या चिजांचा शौक हाय."

त्या पोरावर माझा राग नाही. त्याला काही माहीत नव्हतं आणि त्यानं माझे पैसेही घेतले नाहीत. बंदूक त्यानं पुन्हा भिंतीवर टांगली. दादाची गोळी तिच्यातच आहे. ज्याला खात्री करायची आहे त्यानं जाऊन नळी उलटी करून बघावी.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. मी ओरडलो नाही, हे मुद्दाम सांगतो. चपटी गोळी आणि गोल राहिलेली गोळी त्यांच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवली आणि हॉटेलात काय बघितलं ते सांगितलं. विश्वंभरराव आता थकले आहेत. त्यांनी दोन्ही गोळ्या बोटानं फिरवून बघितल्या. नाही म्हणाले नाहीत.

"फार देखणी नळी होती हो," ते म्हणाले. "तुमच्याकडे दवात पडलेली असायची. दुसरीही वाईट नव्हती. मला काय माहीत असं होईल? आता किशनराव राहिले नाहीत. कशाला उकरता? तुम्ही व्यवहारातले माणूस आहात, बापूराव. बोला, काय करायचं?"

मी आयुष्यभर ह्या प्रश्नाची वाट बघत सौदे केले आहेत. समोरच्यानं 'बोला' म्हटलं की तो वाकला. पण तिथे मला काही मागता येईना. मी दोन्ही गोळ्या उचलल्या आणि बाहेर आलो. रस्त्यावर रिक्षावाले ओरडत होते, उसाचा रस निघत होता, आणि मला फक्त वहिनीच्या सुपातले राळे दिसत होते.

आता विचार करून बोलतो. विश्वंभरराव, मला पैसे नकोत आणि ती नळीही नको. ज्वारीची काढणी व्हायच्या आत आमच्या गावी या. एसटीनं या, दादा डबा घेऊन तुमच्याकडे आला होता तसे. दवाखान्यात जी माणसं खाटेभोवती उभी होती, त्यांना मी ओट्यावर बोलावून ठेवीन. त्यांच्यासमोर वहिनी पितळेच्या मापात राळे भरेल, बोट फिरवेल आणि तुमच्यापुढे धरील. तुम्हाला दोन डोळे आहेत. नीट बघा, आणि तिला सांगा, जास्त होतं का?